भिंतीकडची, दाराकडची

जुळं म्हणजे काय चीज असते, ते ज्याच्या घरात झालं त्यालाच कळावं. एकीला निजवावं तर दुसरी उठते, दुसरीला थोपटावं तर पहिलीच्या पोटात कावळे ओरडतात. कुणी पाणउतारा करत नाही, कुणी भांडत नाही, तरी बाळंतीण रडकुंडीला येते. अमरावतीत साईनगरच्या दोन खोल्यांत साधनाची गत अशीच झाली होती. नवरा नितेश अकोल्याला कॉलेजात शिकवायचा. शनिवारी यायचा, लेकींचे फोटो काढून मित्रांना पाठवायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने पसार व्हायचा.

म्हणून नांदगाव खंडेश्वरहून त्याची कुंदाआत्या आली. ऐन कापूस वेचणी टाकून आली बिचारी. तिच्या लुगड्याला सरकीचा उबदार, तेलकट वास होता आणि हाताला कामाचा उरक होता. तिने पहिल्याच दिवशी शिस्त लावून दिली. रात्र वाटून घ्यायची. आधी आत्या जागणार, मग साधना. जिचं दूध पिऊन झालं तिला भिंतीकडे निजवायचं, जी उपाशी तिला दाराकडे. मग झोपेच्या गुंगीतही चूक व्हायची नाही.

चूक झालीच तर ती श्रावणीला परवडणारी नव्हती. जुईली गुटगुटीत होती, पण श्रावणी म्हणजे नुसती पाखराची हाडं. चार घोट घ्यायची आणि दमून डोळे मिटायची. शनिवारी वजनात फरक दिसला नाही तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. वरचं दूध म्हणून पावडरचा डबाही लिहून दिला होता. काचेच्या पेटीत नळ्या लावलेली श्रावणी साधनाला जागेपणीसुद्धा दिसायची.

दुपारी शेगडीवर ओवा टाकता टाकता आत्या म्हणाली, "आमच्याकडं अशक्त लेकरू दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकतात. तुही समज म्हणाचं अन् देऊन टाकाचं. थे लेकरू मंग तिच्या नशिबावर जगते. बाळसं धरलं की तिची ओटी भराची अन् वापस घ्याचं."

"अन् तिनं वापस नाई देलं तं?" साधना हसली.

"ओटी भरल्यावर कोन ठेवून घेते, वं?" आत्याही हसली, आणि विषय शेगडीच्या धुरात विरून गेला.

त्या रात्री झिरोच्या निळ्या दिव्यात साधना अर्धवट जागी झाली. दाराकडे निजलेली श्रावणी कुरकुरत होती. उठायचं होतं, पण अंगाचं नुसतं शिसं झालेलं. एवढ्यात पलंगाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सरकीचा वास आला. दोन हात पुढे झाले. आत्या जागण्याची पाळी संपवून पुन्हा कशाला उठली, असं तिला वाटलं, आणि वाटता वाटता बरंही वाटलं. तिने श्रावणी उचलून त्या हातांत दिली.

"घ्या बाई..." ती पुटपुटली. "आता तुमचीच समजा हिले..."

लुगडं सळसळलं, मग लहानग्या घशाचा गुटगुट आवाज सुरू झाला, एकसारखा, न दमता. त्या आवाजाच्या लयीवर साधना झोपेत अशी उतरली की जणू कापसाच्या गंजीत कुणी हळूच सोडून दिलं. जाग आली तेव्हा श्रावणी भिंतीकडे शांत निजली होती.

पुढच्या सगळ्या रात्री तशाच गेल्या. श्रावणी कुरकुरायची, सरकीचा वास यायचा, हात पुढे व्हायचे. साधना डोळेही उघडेनाशी झाली. आत्याचे उपकार कसे फेडायचे, एवढाच विचार तिच्या मनात यायचा.

शनिवारी काट्यावर श्रावणीचं वजन पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. साधनाने घरी येऊन आत्याच्या पायावर डोकं ठेवलं. "तुमी होत्या म्हून माही पोरगी वाचली. रोज रात्री तुमी तिले डबा पाजला..."

"मी?" आत्या बघतच राहिली. "मी कवा पाजला? माही पाळी झाली की मी मेल्यावानी झोपतो. मले वाटलं तूच पाजून राहिली."

दोघी ओट्याशी गेल्या. पावडरचा डबा दुकानातून आणला तसाच होता, वरचा चांदीचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता. "मंग मी रोज रात्री तिले कोनाच्या हातात देलं?" साधना म्हणाली.

"देताना काई बोलली तं नाई तू?" आत्याचा आवाज खाली आला होता.

साधनाने सांगितलं. आत्या म्हणाली, "आज रात्री ओटी भर. जे कोनी असन... मागून घे आपली पोरगी."

खरं सांगायचं तर साधनाला आधी मोह झाला. पोरगी वाचत होती, गाल भरत होते. त्या बाईने काय वाईट केलं होतं? दवाखान्याच्या पेटीपेक्षा हे काय वाईट? संध्याकाळपर्यंत ती स्वतःशीच असं घोळवत राहिली. मग तिने श्रावणीला छातीशी धरलं, आणि पोरीने तोंड फिरवून घेतलं. दमून नाही, अनोळखी बाईकडून फिरवावं तसं. साधनाचा जीव तिथल्या तिथे तुटला. तिने उठून गहू पाखडायला घेतले.

रात्री ती उशाशी तबक घेऊन बसली. गहू, नारळ, खण, हळदकुंकू. शेजारच्या खोलीत नितेश घोरत होता. आत्या त्याच खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती, पण तिचीही मान केव्हा कलली कळलं नाही. श्रावणी कुरकुरली. वास आला.

यावेळी साधनाने डोळे उघडे ठेवले. फिकट लुगडं होतं. पदर पुढे ओढलेला होता आणि त्याच्या आत निळा उजेड पोचतच नव्हता. हात पुढे झाले.

"आज पोरगी नाई, माय..." साधनाने तबक पुढे सरकवलं. "आज ओटी घ्या..."

हात थांबले. मग सावकाश पदर पसरला गेला. साधनाने ओंजळ भरून गहू टाकले. दाणे पडल्याचा आवाज आला नाही. तिने पुन्हा टाकले, नारळ ठेवला, खण ठेवला. पदर भरल्यासारखा दिसेना, पण तबक रिकामं झालं.

"माही श्रावणी मले द्या..."

ती बाई वाकली. थंड बोटांनी तिने श्रावणीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाली. त्याक्षणी श्रावणीने असा टाहो फोडला की सगळं घर उठावं. साधनाने तिला पदराखाली घेतलं. पोरगी हपापून दूध ओढू लागली. साधना हसत होती आणि डोळे वाहत होते. इतका आनंद तिला बाळंत झाली तेव्हाही झाला नव्हता.

बाई मात्र लगेच गेली नाही. ती पलंगाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि जुईलीकडे पाहत कितीतरी वेळ उभी राहिली.

सकाळी हे ऐकल्यावर आत्याने चहाचा कप खाली ठेवला.

"जुईलीकडं काहून पाहे ती?"

"मले काय ठाऊक?"

आत्या पुटपुटू लागली, जणू स्वतःलाच विचारत होती. "मंगळवारी... माह्या पाळीत मी पान्याले उठली होती. तू दारात उभी होती नं? हात पुढं करून. म्या जुईली तुह्या हातात देली. घे वं, तुही तू सांभाळ, असं म्हनलं... तूच होती नं, साधना?"

साधना त्या रात्री आत्याच्या पाळीत एकदाही उठली नव्हती.

दुसऱ्या रात्री जुईलीसाठी तबक पुन्हा भरलं. साधना जागी, आत्या जागी. कुणी आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. ओटी भरलेली बाई पुन्हा कशाला येईल? साधना कितीतरी दिवस तबक मांडत राहिली, आणि गहू पाखरांना टाकत राहिली.

आता मुली बसायला लागल्यात. श्रावणी अजूनही रडवी आहे, आईला क्षणभर सोडत नाही. जुईली कधीच रडत नाही. शेजारपाजारच्या बाया म्हणतात, किती गुणाची पोर. परवा भर दुपारी तिने पहिल्यांदाच दोन्ही हात वर करून उचलून घे म्हणून खूण केली. साधना धावलीच. पण जुईली तिच्या खांद्याच्या मागे पाहत होती.

साधनाने मागे वळून पाहिलं नाही. तिने लेकीला उचललं आणि घट्ट कवटाळलं. एवढी भरलेली पोर, पण तिच्या हातांना भारच लागला नाही, खालून आणखी कुणीतरी हात दिल्यासारखं.