भिंतीतली तिरकी नळी

"कोण आहे तिकडे? श्वास ऐकू येतोय..."

दोन मीटर जाड काँक्रीटची भिंत माझ्याशी बोलत होती. भिंतीला कान असतात हे ऐकून होते, तोंडही असतं हे त्या दिवशी कळलं. कॅन्सरच्या हॉस्पिटलात प्रोटॉन किरणांच्या मशीनसाठी खोली बांधायचं काम माझ्याकडे होतं. आवाज येत होता केबलसाठी ठेवलेल्या नळीतून. पलीकडे होता किरणांचा हिशेब बघणारा हॉस्पिटलचा फिजिसिस्ट. त्याच्याच हट्टापायी मी ती भिंत अर्धा मीटर वाढवली होती!

"मी आर्किटेक्ट. नळी तिरकी करायला लावलीत, ती गप्पा मारायला का?"

"किरण सरळ जातात, तिरक्या वाटेनं बाहेर पडत नाहीत. आवाज मात्र येतो... आणि तुमचा तर फारच गोड येतो."

"माझ्या नकाशात चुका काढताना हा गोडवा कुठं होता?"

वर्षभर आम्ही त्या नळीतून भांडलो, हसलो. एका दुपारी ओल्या सिमेंटच्या वासात पलीकडून हळूच आलं — "माझ्याशी लग्न कराल?"

बरं झालं, मध्ये भिंत होती. माझे कान लाल झाले होते.

"पहिला पेशंट टेबलावर गेला की सांगते," मी म्हणाले.

मशीन सुरू व्हायच्या महिनाभर आधी त्याच्या डोक्यात गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, फिफ्टी-फिफ्टी.

"आता उत्तर नको," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दया म्हणून दिलेलं मला चालणार नाही."

मी रडले. मग संताप आला. प्रश्नही यानंच विचारायचा आणि परतही यानंच घ्यायचा!

पहिला पेशंट तोच होता. चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा टेबलाला पक्का बसवला, ओठही हलू नयेत इतका. सगळे बाहेर आले, दार बंद झालं. त्याची आई बाकावर त्याचा चष्मा घट्ट धरून बसली होती. मीच बांधलेल्या भिंतीबाहेर मी उभी होते, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

मी नळीला तोंड लावलं.

"ऐक. आज तुला मध्ये बोलता येणार नाही. दयाबिया काही नाही... वर्षभर भांडले, ती काय दया होती? मिळतील तेवढे दिवस मिळोत. माझं उत्तर — हो."

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या पडद्यासमोरची टेक्निशियन माइकवर ओरडली, "सर, हात खाली घ्या! अजिबात हलायचं नाही!"

त्याची आई उठली. चष्मा तिनं माझ्या हातात ठेवला.

"धर," ती म्हणाली. "बाहेर आला की तूच दे."