रिकाम्या सीटचं वजन

उचगावला हायवेलगत प्रसेनजीतचं व्हील अलाइनमेंटचं दुकान. दुपारी जेवण आटोपून तो हात धूत होता, तेवढ्यात अक्षताची गाडी आली. अक्षता आकाराम मिस्त्रींची लेक आणि गाडीही मिस्त्रींचीच. उन्हाळ्यात मिस्त्री गेले. आता अक्षताला सावंतवाडीत नर्सची नोकरी लागली होती, आणि लहानग्या पोरीला मागं बसवून ती आजच आंबोली घाट उतरणार होती.

"दादा, गाडी डावीकडं ओढती. घाटात भ्या वाटंल बघ."

प्रसेनजीतनं चाकांना सेन्सर लावले. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. तो एकटा चक्कर मारून आला, तर गाडी सुतासारखी सरळ. अक्षता बसली, की डावीकडं.

तेव्हा त्याला मिस्त्रींची रीत आठवली. काय हात होता त्या माणसाचा! नुसती दोरी ताणून, एक डोळा मिटून चाकं अशी बसवायचे, की मशीनवाल्यांनी तोंडात बोट घालावं. पण मालकाला सीटवर बसवल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. "रिकामी गाडी रस्त्यावर जातीया व्हय रं?" म्हणून खेकसायचे. प्रसेनजीत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. नुसती आठवण झाली तरी त्याचा ऊर भरून यायचा.

त्यानं अक्षताला स्टिअरिंगवर बसवलं. तिच्या वजनानं उजवी बाजू दबायला हवी होती. दबली डावी. सावकाश... स्प्रिंग कुरकुरली, आकडे लाल झाले. मिस्त्री हात धुवायला रॉकेल घ्यायचे, तसला वास आला.

"अक्षे... शेजारी कोण बसलंय?"

"कोण न्हाय की." तिनं वळून पाहिलं. सीटची गादी मधोमध खचली होती. "गाडी शिकीवताना आप्पा बसायचं... तितंच."

प्रसेनजीतच्या अंगावर काटा आला, पण मन भरूनही आलं. लेकीला घाटात एकटी सोडवत नाही, असा बाप! त्यानं मुकाट्यानं त्या वजनासकट चाकं बसवली. गाडी सरळ निघून गेली.

तिन्हीसांजेला फोन आला. अक्षता घाटाच्या तोंडाशी पोचली होती.

"दादा, आता उजवीकडं ओढाय लागली... समोरनं ट्रक येत्यात. शेजारची सीट... वर आलीया."

मिस्त्रींच्या वजनाला धरून बसवलेली चाकं, आणि आता ते वजनच उतरलं होतं.

"फुडं जाऊ नकोस! बाजूला लाव. मी आलोच."

पाने आणि दोरी गाडीत टाकून तो सुटला. कागल मागं पडलं, आणि त्याची स्वतःची गाडी हलकेच डावीकडं ओढू लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टुंग टुंग वाजू लागलं. तिथं कुणीच नव्हतं.

"बसा मिस्त्री," तो कसाबसा म्हणाला. "पोरीकडंच निघालोय..."

एका हातानं त्यानं पट्टा ओढून अडकवला. वाजायचं थांबलं. पण पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. वीतभर पुढंच राहिला, आणि हळूहळू वर-खाली होऊ लागला.