लुगड्याची दोन टोकं

"चंद्राबाईंची सून कुठं भेटेल?"

विहिरीपाशी एक तरुण पाठमोरा उभा राहून नऊवारी लुगडं पिळत होता. तो वळला, माझी पांढरी साडी नि खांद्यावरची पिशवी बघून हसला.

"मी पण तिलाच शोधतोय, सिस्टर. सापडली तर सांगा."

"म्हणजे?"

"सून नाय. मुलगा हाय... कमळाकर. धुणं, भाकरी, औषध, सगळं मीच."

मी ओशाळले. साल होतं त्र्याऐंशी. नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी मी खालापूरच्या आसपासची घरं फिरत होते. मुंबईच्या इस्पितळांनी 'आता घरीच न्या' म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांचं दुखणं घरात कसं हलकं करता येईल, हा माझा विषय. 'बरं होणार नाही' म्हटलं की सगळ्यांचे हात थांबायचे. मला त्यापुढचं बघायचं होतं. पण काळजी घेणारी बाईच असणार, हे मी न तपासताच धरून चालले होते. विज्ञान शिकलेल्या मुलीला हे शोभत नव्हतं.

आत चंद्राबाई भिंतीला पाठ लावून खाटेवर पडल्या होत्या.

"जयभीम, मावशी. मी भिसेगावची संघमित्रा. कुठं दुखतंय?"

"कुठंच नाय."

ओठ मात्र घट्ट मिटलेले. कमळाकर चहा टाकायला गेला, तेव्हा त्या कुजबुजल्या, "पाठीला आग लागलीय गं पोरी. पण लेकापुढं पाठ कशी उघडी करू? त्याला कूस वळवू देत नाय मी."

पडून पडून जखम झाली होती. मोठ्या आजारावर इलाज नव्हता. या लाजेवर होता का?

माझ्या मार्गदर्शक पिंटो मॅडमनी बजावलं होतं, "प्रश्न विचार, उत्तरं घे. घरात गुंतू नकोस. गुंतलीस, तर ते घर अभ्यासाला निरुपयोगी." ते आठवलं... आणि मी पदर खोचला.

दोरीवरचं एक सुकलेलं लुगडं घेतलं. घडी घालून त्यांच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंगाखाली सरकवलं. "एक बाजू मी धरते, एक तो धरेल. मी ओढेन, तो सैल सोडेल. अंगाला हात नाही, काही उघडं पडणार नाही. जखम मी धुवेन, तेव्हा तो बाहेर."

त्यांनी अंगाखालचा काठ बोटांनी चाचपला. "लुगडं माझंच ना?"

"तुमचंच."

"मग वळवा."

त्यानंतर गोळीचंही ठरवलं. कळ आल्यावर नाही, कळ यायच्या आधी द्यायची. मी नसेन तेव्हा जखम धुवायला आणि दुसरं टोक धरायला शेजारच्या पुतळाबाई. खरं तर आठवड्यातून एकदाच जायचं होतं. मी एक दिवसाआड एस.टी.तून उतरू लागले.

"अभ्यास लई मोठा दिसतो तुमचा," कमळाकर म्हणायचा. "बाकीच्या घरांत पण इतकं जाता?"

"तिथली माणसं उलटे प्रश्न विचारत नाहीत. नीट धरा, तुमची बाजू खाली गेलीय."

"बघत होतो... म्हणजे, लुगड्याकडं."

"लुगडं खाली आहे. तुम्ही वर बघताय."

शेतात वाल भरला होता. निघताना माझ्या पिशवीत पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या कोमट शेंगा सापडायच्या. विचारलं, तर म्हणायचा, "मांजरानं टाकल्या असतील!"

जखम सुकू लागली. चंद्राबाई झोपू लागल्या, भाकरी करपली म्हणून लेकाला टोमणे मारू लागल्या.

एका दुपारी, तो खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर निघण्यापूर्वी, आम्ही नेहमीसारखी दोन टोकं उचलली.

"थांबा," चंद्राबाई म्हणाल्या. "मी वळत नाय."

"आये, काय झालं? दुखतंय का?"

"दुखत नाय, म्हणून तर सुचतंय. बस यायच्या आधी जाऊन रस्त्यावर उभा राहतोस. ती आली की मनातल्या गोष्टीला कुलूप! आधी तिच्याशी बोल रं, मग वळवा."

दोघांचे हात गुंतलेले... पळायलाही जागा नव्हती. त्याचे कान लाल झाले.

"सिस्टर... म्हणजे, संघमित्रा. अभ्यास संपला की तुमी यायच्या नाय. पण तुमी याव्या, असं वाटतं. आयेसाठी नाय फक्त. माझ्यासाठी... कायमच्या."

माझं उत्तर आधीच ठरलं होतं. सोमवारीच मॅडमसमोर उभी राहून ते सांगून आले होते.

"तुमचं घर मी अभ्यासातून काढून टाकलंय."

त्याच्या हातातलं टोक सैल पडलं. "का? आमचं काय चुकलं?"

"काही नाही. आपल्याच माणसांचा अभ्यास करायचा नसतो. मॅडम चिडल्या. मी दुसरं घर शोधेन, पुन्हा पहिल्यापासून फिरेन. विषय सोडणार नाही. आणि..."

"आणि?"

"आणि हे टोकही."

त्यानं सैल पडलेलं टोक पुन्हा घट्ट धरलं, पण वळवायचं दोघंही विसरलो.

"अगं, मग वळवा की आता!" चंद्राबाई खालून ओरडल्या. "अंग अवघडलं माझं!"