चार वाजून सात मिनिटं

हे खरं घडलंय. मी मोजमाप करणारी बाई आहे. वाढवून सांगणं मला जमत नाही.

२००६, मे महिना. चेन्नईतल्या गिंडीत आमची प्रयोगशाळा होती. यंत्रांतून निसटणाऱ्या रेडिओलहरी मोजायच्या, तर आधी मोजणारा अँटेना अचूक हवा. ती तपासणी बंद लोखंडी खोलीत होते. आत मोबाइल लागत नाही, हाक बाहेर येत नाही. आणि आत माणूस राहिला तर रीडिंग पडतं.

म्हणून नियम... चपला दाराबाहेर. बाहेर चपला नाहीत, म्हणजे आत कोणी नाही.

चंद्रमौळी सर आमचे ज्येष्ठ. तंजावरचे मराठी. आमच्या पेरुंगुडीच्या शाखेतही अशीच खोली होती. तिच्या दाराबाहेरून त्यांच्या नव्या चपला चोरीला गेल्या, तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

"हसा, रेवाम्मा. अत्तां चप्पल पिशवींत घालूनच आंत जातों," ते म्हणाले होते.

त्या दुपारी ते पेरुंगुडीला होते. मी गिंडीत, एकटी.

पावणेचारला रीडिंग पडलं...

दोन अँटेनांच्या मध्ये कोणी उभं राहावं, तसं.

दार उघडलं. खोली रिकामी.

केबल बदलली. पुन्हा तेच.

मग पडद्यावरची रेघ हलू लागली. आतलं माणूस हळूहळू खाली बसावं, तशी...

सरांना फोन लावला. लागेना.

पेरुंगुडीला तपासणी करणाऱ्या वेंकटला फोन करून विचारलं. सर चहाला गेले असतील, म्हणाला. त्याचंही रीडिंग पावणेचारलाच पडलं होतं. तोही केबल बदलत होता.

मला पिशवी आठवली.

"वेंकट, सर आत आहेत. दार उघड."

"बाहेर चपला नाहीत, मॅडम."

"उघड रे. पाया पडते तुझ्या."

"चालू मोजणी संपू दे. दहा मिनिटं."

फोन ठेवला त्याने. नंतर उचललाच नाही.

मी रिकाम्या खोलीच्या दाराला हात लावून बसले. सर, थांबा, म्हणत राहिले.

चार वाजून सात मिनिटांनी रेघ सरळ झाली. एकदम स्वच्छ.

सुटले सर... मला रडू आलं.

वेंकटने दार उघडलं, ते चार दहाला. टेबलामागे सर पडले होते. पिशवी छातीशी. श्वास नव्हता.

माझ्या केबल नंतर तपासल्या. एकीतही दोष नव्हता.

आजही रीडिंग पडलं की मी केबलला हात लावत नाही.

आधी माझ्या सगळ्या माणसांना फोन करते.