माल पुढं, पाणी मागं

भुकूमच्या हॉलबाहेर चहाची रांग होती. माझ्या पुढच्या माणसानं शेवटचा कप उचलला, मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि तो मलाच दिला. या गोष्टीला आठ वर्षं झाली. आल्याचा वास आला की मी अजून त्या रांगेत जाऊन उभी राहते.

एका मोठ्या कंपनीनं आम्हा सप्लायरांना पर्यावरणाच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं. एकमेकांना माहिती द्या, म्हणे. धंद्यातलं गुपित कोण देतंय?

"लई पाणी जातं ओ आमचं," तो आपणहून बोलायला लागला. "जस्ताचा मुलामा दिला की माल तीन टाक्यांत धुवायचा. तिन्हींत ताजं पाणी. महिन्यात निम्म्यावर आणा न्हाईतर ऑर्डर बंद, म्हणालेत. चौदा माणसं हायेत माझ्याकडं."

"नाव काय तुमचं?"

"विश्राम. मुठा गावचा."

नाव ऐकून होते, चेहरा पहिल्यांदा पाहत होते. कंपनीची अर्धी ऑर्डर त्याची, अर्धी आमची. तो बंद पडला तर सगळी आमची. आणि त्याला हवी ती युक्ती आमच्याच शेडमध्ये वर्षभर चालू होती. बाहेर सांगायची नाही, अशी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला शपथ घातली होती.

"तुमी कुणाच्या?"

"हैबतरावांची रेश्मा."

तो हसला. "म्हंजी नको त्या माणसाला सांगून बसलो. जाऊ द्या. चहा प्या, निवतोय."

रागावला असता तर बरं झालं असतं. चार दिवस मला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी स्कूटी काढली आणि थेट त्याच्या शेडवर गेले.

"ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडा," मी म्हणाले. "तेच मागं दुसरीत, मग पहिलीत. माल पुढं, पाणी मागं."

तो टाक्यांकडं बघत राहिला. "एवढं सोपं?"

"आम्हाला सुचायला दोन वर्षं लागली."

"मग मला का सांगताय?"

"चौदा माणसांसाठी."

"पंधरावा न्हाई का त्यात?"

मी तिथं पडलेला पान्हा उचलून त्याच्या हातात दिला. माझे कान तापले होते. "पाइप बसवा आधी. आणि… माझं नाव कुठं घेऊ नका."

महिन्यानं त्याच हॉलमध्ये पाणी वाचवल्याबद्दल कंपनीनं विश्रामला शाल दिली. अण्णा माझ्या शेजारीच बसले होते.

"युक्ती माझी न्हाई," तो माइकवर म्हणाला. "हैबतरावांच्या शेडातली हाय." खाली आला, शाल अण्णांच्या खांद्यावर घातली, वाकून पाया पडला. माझं नाव त्यानं घेतलं नाही, पण अण्णांना ते कळायचं राहिलं नाही.

परत जाताना पिरंगुटला अण्णांनी गाडीत विषय काढला.

"शपथ मोडलीस."

"व्हय."

"त्यो गप बसला असता तर कोण इचारत हुतं त्याला?" शाल चाचपत ते म्हणाले. "रविवारी जेवायला बोलाव."

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. शाल माझ्या कपाटात आहे, अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो तिला. शेड दोन, पाट्या दोन, ऑर्डरीवरून आमचं भांडणही तसंच. घर मात्र एक. कंपनीच्या बैठकीला दोघं दोन गाड्यांनी जातो. चहाच्या रांगेत विश्राम मुद्दाम माझ्या पुढं उभा राहतो, हातात आलेला पहिला कप मागं देतो आणि म्हणतो, "प्या रेश्माबाई, निवतोय."