नावाचं कडवं

मी बीदरला जमीनमोजणीच्या खात्यात सर्व्हेअर आहे. बांध चार बोटं सरकला तरी मला चैन पडत नाही. म्हणून पुढचं सगळं आकड्यांसकट लिहून ठेवलंय. एरवी माझा मलाच विश्वास बसला नसता.

चाळिशीत गिटार घ्यायचं खूळ माझंच. शिकवणी नाही. डी, जी आणि ए, एवढ्या तीन कॉर्ड येत होत्या आणि बोटांना घट्टे पडले होते. दर रविवारी जवळच्याच मेहकर गावी आईकडे जायचो, ओसरीवर बसून मोबाइलवर अप्पांचं गाणं लावायचो आणि कानानं कॉर्ड शोधायचो. अप्पा म्हणजे माझे वडील, मारोती. भीमगीतं रचायचे. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. ते गेले तेव्हा मागे एकच कॅसेट उरली होती, माझ्या जन्माच्याही आधीची. ती मी मोबाइलवर उतरवून घेतली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. शेवटच्या कडव्याआधीच फीत संपलेली.

आणि रचणाऱ्याचं नाव येतं ते शेवटच्याच कडव्यात. हल्ली एक गायन पार्टी तेच गाणं दुसऱ्याच्या नावानं गात फिरते. ते ऐकून आई दोन दिवस जेवली नव्हती.

"तेवढं नाव कुठनं तरी काढ की, रत्नपाल," ती म्हणायची.

"फितीतच न्हाई तर कुठनं काढू?"

गाण्याआधी अप्पा पेटीवाल्याला सांगतात, "काळी दोन धर." ती पट्टी माझ्या तीन कॉर्डांत बसेना. पहिला रविवार नुसता चरफडण्यात गेला. दुसऱ्या रविवारी गाणं लावलं तर अप्पा म्हणाले, "पांढरी दोन धर." गाणं अर्ध्या स्वरानं खाली आलं होतं. डी चपखल बसली. वाटलं, आपलेच कान कच्चे.

तिसऱ्या रविवारी जी कॉर्डवरून ए कॉर्डवर जाताना माझी बोटं अडखळली. अप्पांनी ओळ लांबवली. मी ए धरली तेव्हाच ते पुढे गेले.

गिटार बाजूला ठेवून पुन्हा लावलं. ओळ सरळ निघून गेली. गिटार मांडीवर घेतली, मुद्दाम अडखळलो. अप्पा थांबले.

घामानं हातातली तारा छेडायची नखी सुटली. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण मला सायकल शिकवतानाही ते असेच मागं थांबायचे. माझ्यानं गिटार खाली ठेववेना. त्या दिवशी गाण्याची लांबी भरली तीन मिनिटं बावन्न सेकंद.

पुढच्या रविवारी चार मिनिटं पाच. एक ओळ बिनचूक वाजली की फितीत नसलेली पुढची उघडत होती.

आई तुरीनं भरलेलं सूप घेऊन बाहेर आली. "कोणासंग बोलायलास?"

"कोणासंग न्हाई. बस हितं. नाव यायलंय."

ती बसली.

शेवटचं कडवं सुरू झालं. डी. जी. ए. एकही बोट चुकलं नाही.

पेटी थांबली. मग ढोलकी थांबली. माझी गिटार आणि अप्पांचा आवाज, दोनच राहिले. आवाज मोबाइलमधून येत नव्हता, माझ्या खांद्यापाशी होता.

"...सांगतो रत्नपाल."

गाणं संपलं.

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "आलं की रं तुझं नाव. किती ग्वाड रचलास."

"आई, माझं न्हाई. अप्पांचं यायला पायजे व्हतं. मारोती."

तिनं पदरानं डोळे पुसले, सूप मांडीवर घेतलं आणि तुरीतला खडा वेचत विचारलं,

"कोण मारोती?"