पुढच्या डाव्या चाकाचे चार नट

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे फुसाएला धड जेवायलाही फुरसत नसे. पहिलं बर्फ पडायच्या आत समुद्रकाठच्या त्या सगळ्या गावाला बर्फावर न घसरणारे हिवाळी टायर बसवून हवे असत. नवरा गेल्यापासून गॅरेज ती एकटीच चालवत होती. अठ्ठावन्न वर्षांची बुटकी बाई, पण मनगट असं की मच्छीमारसुद्धा तिच्याशी पंजा लढवायला कचरत.

त्या दुपारी तीनच्या सुमारास इवाओ मियामोरी आला. आभाळ अंधारून आलं होतं, समुद्रावरून खारट, बर्फाळ शिंतोडे येत होते. तो आपल्या मेलेल्या बायकोची, सायोकोची, छोटी पांढरी गाडी घेऊन आला होता. ती पाहून फुसाएचा हात चालता चालता थांबला.

"हिचे चारही टायर काढा आणि मित्सुएच्या गाडीला लावा," तो म्हणाला. मित्सुए शहरात दारूचा छोटा बार चालवायची. तिचं नि त्याचं काय होतं ते गावाला ठाऊक होतं. "दोन्ही गाड्या एकाच जातीच्या आहेत. टायर नवेकोरे, फिरलेलेच नाहीत. वर गेलेल्या बाईला काय करायचेत?"

टायर नवे होते हे फुसाएइतकं कोणाला माहीत असणार! गेल्या वर्षी ह्याच आठवड्यात तिनेच ते बसवले होते. तेव्हा स्टोव्हजवळच्या स्टुलावर सायोको बसली होती. एवढ्या उबेतही गळ्याभोवतीचा रुमाल तिने सोडला नव्हता, आणि अंगाला मुकामार लागल्यावर लावतात त्या कापूर-पुदिन्याच्या पट्ट्यांचा वास येत होता.

"आजच बसवून द्या हं, फुसाए-सान. उद्या पहाटेच डोंगरापलीकडे जायचंय. ह्यांना बोलू नका."

संध्याकाळी इवाओचा फोन आला. गाडी तुमच्याकडे आहे का? दिवसभराच्या कामाने शिणलेली फुसाए बोलून गेली, "मघाशीच गेल्या. उद्या लांब जायचंय ना, म्हणून टायर..."

दुसऱ्या दिवशी कळलं, सायोको घराच्या गोठलेल्या पायऱ्यांवरून घसरली. मान मोडली. चौकशीला आलेले पोलीस चहा पिऊन परत गेले. फुसाएने त्या फोनबद्दल कोणाला सांगितलं नाही.

आता ती पुढच्या डाव्या चाकापाशी बसली. नटावर पाना लावून दांडी दाबली. नट हलेना. दुसरा हलेना. तिसरा, चौथा, एकही नाही. स्वतःच्या हाताने मोजून-मापून आवळलेले नट एका वर्षात असे जाम कसे झाले? तिने नट सोडवायची हवेची गन लावली. गन नुसती थडथडली. गंजावरचं तेल फवारून ती दहा मिनिटं थांबली, मग दांडीला हातभर पाइप जोडून सगळं वजन टाकलं.

दांडी वाकली. नट तसेच राहिले.

दम घ्यायला तिने तळहात चाकाला टेकला. चाक कोमट होतं. तापलेल्या लोखंडासारखं नव्हे... अंगासारखं. आणि तेलाच्या वासाखालून दुसरा वास आला. कापूर-पुदिन्याचा.

"ह्याचे नट आज राहू द्या, मियामोरी-सान," ती हळूच म्हणाली.

"म्हातारपण आलं वाटतं! सरका तिकडे. बाईमाणसाचं कामच नाही हे." कोपऱ्यातला घण त्याने उचलला आणि पान्याच्या दांडीवर हाणला.

लोखंडावर लोखंड पडलं की गॅरेज दणाणतं. हा आवाज तसा नव्हता. दबका होता, ओला होता.

"थांबा... ऐकू येतंय ना तुम्हाला?"

इवाओ थांबला नाही. दुसरा घाव, तिसरा. त्याची मान लाल झाली, ओठांच्या कडांना फेस आला. पाचव्या घावाला तो बोलू लागला.

"सोड! सोड म्हणतो ना!"

फुसाएला आधी वाटलं, नटाला म्हणतोय.

"दार उघड! कुठे निघालीस मला न सांगता? आं? ती गॅरेजवाली बोलली म्हणून कळलं, नाहीतर..." धप्प. "उतर खाली! पायऱ्यांवर बस म्हणतो तर..." धप्प. "बघ आता. बघ कशी वाकते मान!"

त्याला आपण बोलतोय हेच उमगत नव्हतं. त्याचे डोळे चाकावर होते, पण बघत होते भलतंच काही.

पहिला नट किंचाळत सुटला. दांडी थांबली, पण किंचाळी थांबली नाही. छताच्या पत्र्याखाली घुटमळत राहिली. मग बाकीचे तीन सुटले. इवाओने जॅक लावून गाडी उचलली, पण चाक गंजाने आतून चिकटलं होतं. तो आडवा झाला आणि आतल्या बाजूने ठोकायला खांद्यापर्यंत गाडीखाली शिरला.

"आधी खाली आधाराचा स्टँड लावू द्या," फुसाए म्हणाली.

"गप्प बस, भवाने!"

स्टँड तिच्या हातात होता. तिने तो खाली ठेवला नाही, आणि गाडीखाली सारलाही नाही. नुसती उभी राहिली.

खालून दोन-तीन घाव ऐकू आले. मग शांतता. मग इवाओचा आवाज, अगदी लहान झालेला.

"फुसाए-सान... माझा हात का धरलाय तुम्ही?"

ती त्याच्यापासून चार पावलं लांब होती.

जॅक सटकला नाही. सुस्कारा टाकल्यासारखा हळूहळू उतरला, जणू कोणी त्याची कळ बेताबेताने फिरवत होतं. चाक त्याच्या कोपरावर टेकलं आणि टेकतच राहिलं. हाड मोडल्याचं फुसाएने ऐकलं, आणि मग त्याचं ओरडणंही. तेव्हा कुठे तिचे पाय हलले. तिने जॅकवर लोंबकळून गाडी वर घेतली, त्याला बाहेर ओढलं. हात चिंधीसारखा लोंबत होता. फक्त मूठ गच्च मिटलेली होती.

शहरातल्या इस्पितळात ती बाकावर बसून राहिली. तासाभराने एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याच्या हातात क्ष-किरणाचे दोन फोटो होते.

"काकू, गाडीखाली आणखी कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"नीट आठवा. भूल देऊनसुद्धा त्यांची मूठ उघडत नाहीये, म्हणून फोटो काढला." त्याने पहिला फोटो दिव्यासमोर धरला. कोपराचा चुरा दिसत होता. त्याखाली मुठीची जाड हाडं, आणि त्या हाडांच्या मधून पाच बारीक बोटं, सरळ पसरलेली. "ही ह्यांची नाहीत. बाईच्या हाताची आहेत."

फुसाए उठून फोटोच्या जवळ गेली.

"हा दुसरा. पाच मिनिटांनी काढलेला." डॉक्टरने तो धरला. बारीक बोटं आता मिटलेली होती, जाड बोटांच्या पेरांवर घट्ट आवळलेली.

तेवढ्यात आतून हाड मोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ इवाओ किंचाळला. भूल अजून उतरली नव्हती.